कुसुम, तो कप मी परत ओतला

कुसुम, तुझ्याशिवायचा पहिला शनिवार आला. संध्याकाळी पाचला मी नेहमीसारखी चर्चच्या मागच्या खोलीत जाऊन बसले. टेबलावर ब्रेडचे पुडे, सुरी, लाकडी पाट आणि धुऊन पालथे घातलेले काचेचे छोटे कप. तुझी खुर्ची कुणीतरी भिंतीला लावून ठेवली होती. ती मी ओढून परत टेबलापाशी आणली. का आणली ते विचारू नकोस. रिकाम्या खुर्चीसमोर काम करणं अवघड होतं, पण भिंतीला लावलेली खुर्ची मला बघवत नव्हती.

बावीस वर्षं आपण हे काम केलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी आपण दोघी. ब्रेडच्या कडा काढायच्या, चौकोनी तुकडे करायचे, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचे. रविवारी सकाळी लवकर येऊन मार्चमध्ये उकळून बाटल्यांत भरलेला द्राक्षांचा रस कपांत ओतायचा. काढलेल्या कडा तू डब्यातून घरी न्यायचीस आणि कांदा-मोहरी घालून त्यांचा चुरा करायचीस. सोमवारी सकाळी तो डबा माझ्या दारात असायचा. प्रभूच्या भाकरीच्या कडा फोडणीला टाकायच्या म्हणजे काय, असं मी पहिल्यांदा म्हणाले होते. तू म्हणालीस, "मग कचऱ्यात टाकू? खा गप." मी खाल्ला होता. चांगला झाला होता.

आपलं भांडण मात्र नेहमी एकाच गोष्टीवरून. मी जन्माची मास्तरीण. माणसं किती येणार, तेवढेच तुकडे, तेवढेच कप, वर फार तर पाच. तू हात सैल सोडून कापत सुटायचीस. "लय मोजतेस गं तू," असं तुझ्या येवल्याच्या बोलीत म्हणायचीस. मी म्हणायचे, उरलेलं वाया जातं. तू म्हणायचीस, "कुणी नवीन आलं तर? त्याला काय, पुढच्या महिन्यात ये म्हणायचं?" मग विषय कापण्यावरून कृपेवर यायचा. तेहेतीस गुणांवर थांबलेल्या एका पोराला मी पस्तीस केले नव्हते, ही गोष्ट मीच तुला अभिमानानं सांगितली आणि पस्तावले. किती वर्षं ती गोष्ट तू मला ऐकवलीस! "दोन गुणांनी तुझं काय जात होतं गं?" मी म्हणायचे, ज्यानं अभ्यास करून पस्तीस मिळवले त्याच्यावर तो अन्याय नाही का? तू सुरी खाली ठेवायचीस आणि माझ्याकडे बघायचीस. "देव असाच करतो, लीला. लायकी बघून द्यायचं तर पगार म्हणतात त्याला." मग मी विचारायचे, असं असेल तर माणसानं चांगलं वागायचंच कशाला? तुझं उत्तर ठरलेलं होतं. "वाग ना चांगलं. दमलीस की सांग."

मी कधी सांगितलं नाही. दमले होते तरी.

तू तीस वर्षं नर्स म्हणून हॉस्पिटलच्या वॉर्डात काढलीस. बायकोला मारून तिचा हात मोडणारा माणूस पुढे कधीतरी तुझ्याच वॉर्डात आजारी पडून आला, तेव्हा त्याचंही अंग तू तसंच पुसलंस. मला ऐकून संताप आला होता. मी म्हणाले, मी असते तर पाण्याचा तांब्यासुद्धा दिला नसता. तू हसली नाहीस. "माहितीये मला," एवढंच म्हणालीस. त्या वेळी मला ते नीट कळलं नव्हतं. आता वाटतं, तू मला आरपार ओळखलं होतंस आणि तरी दर महिन्याला माझ्यासमोर येऊन बसत होतीस.

हे सगळं मी तुला का लिहितेय ते तुला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वीच्या त्या रविवारबद्दल आपण एकमेकींशी कधी बोललो नाही. आता तू ऐकायला नाहीस, आणि मी पहिल्यांदा बोलायला बसलेय. माझा स्वभाव असाच उशिराचा.

माझ्या लेकीनं, दीनानं, देवळ्याच्या योगेशशी रजिस्टर लग्न केलं. मला न सांगता. तो आपल्यातला नव्हता. घरी शेती, कांद्याचा व्यापार, वर खंडोबाचा देव्हारा. वर्षभरात दीनाचे पप्पा गेले. त्यांचं हृदय आधीपासून दुबळं होतं, हे तू मला शंभर वेळा सांगितलंस, नर्सच्या अधिकारानं सांगितलंस. मी ऐकलं नाही. मला कुणाच्या तरी डोक्यावर ते मरण ठेवायचं होतं आणि दीनाचं डोकं जवळ होतं. मी तिचा फोन घेणं बंद केलं.

त्या शनिवारी तू चिकुनगुनियानं अंथरुणात होतीस. बोटं सुजून सुरी धरता येत नव्हती. संध्याकाळी तुझा फोन आला. आवाज खोल गेला होता. "लीला, उद्या दीना येतेय. मीच ये म्हणाले तिला. पोट दिसायला लागलंय तिचं, सहावा महिना आहे. घाबरलीये पोरगी. उद्या थोडे जास्त भर, आणि तिच्याकडे बघ एकदा. बोलली नाहीस तरी चालेल. नुसतं बघ."

मी "हं" म्हणाले.

सकाळी मी कप भरले. सवयीप्रमाणे बहात्तर भरले, वर पाच. उपासना सुरू व्हायच्या आधी मागच्या खोलीचं दार किलकिलं करून माणसं मोजली. माझ्यासकट बहात्तर. बहात्तरावी दीना. शेवटच्या बाकावर एकटी, डोक्यावर पदर, हात पोटावर. मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी मला एक थंड, व्यवस्थित विचार आला. मी सहा कप उचलले आणि एकेक करून परत बाटलीत ओतले. कुसुम, एक थेंब सांडला नाही. इतक्या सावकाश मी आयुष्यात काही केलं नसेल. बाटली कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

भाकरीचा ट्रे आधी फिरला. तुकडे भरपूर होते, त्यातला एक दीनानं घेतला. मग कपांचे ट्रे. पुढून मागे, बाकामागून बाक. आपल्याकडे सगळ्यांना मिळाल्यावर एकत्र घेतात, म्हणून पाळकसाहेब थांबले होते. मागे कुजबुज झाली. ट्रे घेऊन फिरणारे मंडळीचे पंच अनवाणी झपझप माझ्या बाजूनं मागच्या खोलीत गेले. कपाटाचा कडी-कोयंडा हलवल्याचा आवाज आला. एकदा. परत एकदा. मग जोरात. माझी पर्स माझ्या मांडीवर होती. मी समोरच्या क्रुसाकडे बघत बसले.

ते परत आले, पाळकसाहेबांकडे बघून त्यांनी मान हलवली. मग एकाहत्तर माणसांनी भाकर खाल्ली आणि कप घेतला. मी पण घेतला.

उपासना संपल्यावर मी मागे वळले तेव्हा दीना दारातून बाहेर पडत होती. उजवी मूठ मिटलेली. तो तुकडा तिनं खाल्ला नव्हता आणि ठेवूनही दिला नव्हता. ती मूठ मला अजून दिसते. प्रार्थनेला डोळे मिटले की पहिल्यांदा तीच दिसते. आणि तो कपाटाचा आवाज. घरी दुपारी जरा आडवं पडावं तर शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणी दार ओढलं तरी मी उठून बसते. सहा वर्षं मी लोकांना सांगितलं की मोजण्यात चूक झाली, कुसुम नव्हती ना मदतीला. लोक म्हणायचे, होतं असं. माझ्यासारख्या मोजणाऱ्या बाईची चूक झाली, यावर सगळ्यांनी विश्वास कसा ठेवला देव जाणे.

पुढच्या महिन्यात तू आलीस. बोटं अजून वाकडीच होती. तू काहीच विचारलं नाहीस. ब्रेडच्या कडा काढता काढता एवढंच म्हणालीस, "किल्ली आता खिळ्यावर अडकवत जाऊ. दोघींना सापडेल." आणि पर्समधून किल्ली काढून द्यायला माझ्यासमोर हात धरलास. मी दिली. तुला कळलं होतं. कपाटाला एकच किल्ली, ती माझ्याकडे, हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत होतं? त्या दिवशी तू रागावली असतीस, ओरडली असतीस, सुरी आपटून निघून गेली असतीस, तर मी कदाचित सगळं कबूल केलं असतं. पण तू तुकडे करत राहिलीस. सोमवारी चुऱ्याचा डबाही आला. मी तो सगळा फेकून दिला, तेही आज सांगते.

मग तू गेलीस. स्मशानभूमीत तुझ्या भाच्यानं माती टाकली, आम्ही टाकली, पाळकसाहेबांनी प्रार्थना संपवली, आणि मी मागे वळले तर दीना उभी. सहा वर्षांत चेहरा भरला होता. बोट धरून एक मुलगी, तिच्यासारखेच कान. दीना रडून थकली होती. ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आई, मावशी गेली, आता आपल्यात बोलायला कुणी मधे नाही. म्हणून मीच बोलते. त्या रविवारचा राग मी तुझ्यावर कधी धरला नाही. मावशी येऊन सगळं सांगून गेली होती."

मी विचारलं, काय सांगून गेली होती?

तर तू, कुसुम, सुजलेल्या पायांनी एसटीत बसून देवळ्याला गेली होतीस. पंधरा दिवसांनी. तिच्या घरच्या ओट्यावर बसून तू तिला म्हणालीस की कपांचा आकडा फोनवर तूच लीलाला सांगितलास, तापाच्या गुंगीत चुकीचा सांगितलास. कपाटाची किल्लीही चुकून तुझ्याकडेच घरी राहिली. लीला बिचारी काय करणार! आणि मग तू माझ्या लेकीपुढे हात जोडलेस. "मला माफ कर पोरी," म्हणालीस.

"मला तिनं हात जोडलेले आवडले नाहीत," दीना म्हणाली. "एवढी मोठी बाई. मी म्हटलं, मावशी, चूक कुणाचीही होते."

मी "हो" म्हणाले. कबरीवरची माती अजून ओली होती आणि मी तुझ्या देखत "हो" म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मी तुझ्यावर संतापून काढले. खरं सांगते. तू कधी खोटं बोलायची नाहीस. माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या आजारातसुद्धा मला खोटी आशा दाखवली नाहीस. आणि माझ्यासाठी खोटं बोललीस? मला विचारलंस का? माझं पाप माझं होतं, वाईट होतं, पण माझं होतं. ते तू परस्पर उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवलंस आणि सहा वर्षं मला कळूही दिलं नाहीस. वर दर महिन्याला माझ्यासमोर बसून हवापाण्याच्या, द्राक्षाच्या भावाच्या गप्पा मारल्यास. एकदा तरी नजरेनं टोचायचंस. माझ्यासारख्या माणसाला ते सोसलं असतं. हे सोसत नाही.

असंच एकदा दुपारी मोबाइल वाजला आणि पडद्यावर "कुसुम" असं आलं. माझ्या हातातलं ताट ओट्यावर पडलं. चार वेळा वाजला तरी मी उचलला नाही. पाचव्यांदा उचलला, तर तुझा भाचा. तुझ्याच फोनवरून करत होता, तुझ्या साड्या कुणाला द्यायच्या विचारत होता. मी त्याला काय सांगितलं आठवत नाही. पण तो पहिल्यांदा वाजला तेव्हा मला जे वाटलं ते आठवतं. मला वाटलं, तू विचारणार. आता तरी विचारणार, लीला, सांगितलंस का तिला? आणि मला भीती वाटली, कुसुम. तुझी, जिची मला जन्मात कधी भीती वाटली नाही.

सांगायचं कसं? दीनाचा फोन आता रोज येत होता. नात मला "नाशिकची आजी" म्हणायला लागली होती. तिनं मला सात आणि आठचा पाढा म्हणून दाखवला, आठात अडखळली. मी तिला चुकलेलं दुरुस्तही केलं नाही, एवढी मी बदलले होते! तुझ्या एका खोट्यावर माझं हे सगळं घर उभं होतं. खरं सांगितलं तर लेक परत जाणार, आणि या वेळी नातीसकट. नाही सांगितलं तर तू मातीखाली माझ्या नावची चूक घेऊन पडून राहणार. मी स्वतःला समजावत होते की तुझीच तशी इच्छा होती. मेलेल्या माणसाची इच्छा मोडू नये. कारणं शोधण्यात मी कुणाला हार जाणार नाही.

पण तुझ्याशिवायच्या पहिल्या प्रभुभोजनाच्या रविवारी कपांचा ट्रे माझ्यापुढे आला आणि माझा हात उठेना. सहा वर्षं मी तो कप दर महिन्याला घेत आले होते. आधी शांतपणे मन तपासायला पाळकसाहेब एक मिनिट देतात, ते मिनिटसुद्धा मी डोळे मिटून नीट पार पाडत होते. त्या रविवारी मी ट्रे तसाच पुढे सरकवला. शेजारच्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. बाहेर पाळकसाहेब म्हणाले, "बाई, बरं नाही का?" मी म्हणाले, "नाही."

मंगळवारी सकाळी मी देवळ्याची एसटी धरली.

घरासमोर खळ्यात कांद्याचे ढीग, बायका निवडायला बसलेल्या. दीनाची सासू मला बघून उठली, हात पदराला पुसत आत ओरडली, "दीना, तुनी माय उनी शे!" मला बसायला खाट दिली, पाणी दिलं. दीना धावत बाहेर आली. तिचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं, लीला, गप्प बस, चहा पी आणि परत जा.

मी तिला बाजूला लिंबाखाली घेऊन गेले. उभ्या उभ्या सांगितलं. मोजलेली माणसं सांगितली, सहा कप सांगितले, बाटली, कुलूप, मांडीवरची पर्स. कडी-कोयंडा वाजत होता आणि मी ऐकत होते हे सांगितलं. तुझ्याकडे काहीच नव्हतं, ना आकडा ना किल्ली, हे सांगितलं. पप्पांचं मरण मी तिच्या डोक्यावर ठेवलं तेही सांगितलं. रडले नाही. रडले असते तर तिला मला सावरावं लागलं असतं, आणि तेवढं मला त्या दिवशी तिच्याकडून घ्यायचं नव्हतं.

दीनानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशीला माहीत होतं?"

"हो."

"तू तिला कधी सांगितलं होतंस का?"

"नाही."

तेव्हा ती रडायला लागली. माझ्यासाठी नाही, स्वतःसाठीही नाही. तुझ्यासाठी. "तिनं माझ्यासमोर हात जोडले गं," म्हणत राहिली. "सुजलेल्या बोटांनी हात जोडले." लिंबाच्या बुंध्याला टेकून ती रडली आणि मी दोन हात लांब उभी होते. जवळ जायचा मला हक्क नव्हता. कांदे निवडणाऱ्या बायका आमच्याकडे बघत होत्या.

मी चपला घातल्या. पिशवी उचलली. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, आज मला तुझ्याशी बोलवणार नाही. उद्याही कदाचित नाही. पण जाऊ नकोस."

कुसुम, मी पिशवी खाली ठेवली. दुपारी तिनं सगळ्यांबरोबर माझंही ताट घेतलं. भाकरी, पिठलं, कांदा. माझ्यासमोर ताट ठेवताना तिचे डोळे सुजलेले होते. ताटात पुरेसं वाढलं होतं, मग ती परत आली आणि अजून एक भाकरी ठेवून गेली. मला नको म्हणायचं होतं. मी जेवले, कुसुम. ती वरची भाकरीसुद्धा, सगळं जेवले.